जुन्या व्रणातील गर्भ

बेळगाव शहराच्या पश्चिमेस वसलेले उचगाव हे मळेकरणी देवीच्या स्थानामुळे सीमाभागात सर्वांस ठाऊक आहे. या पंचक्रोशीतील जुन्या पिढीच्या स्त्रिया घरीच, सुईणीच्या हातून बाळंत होत. त्यांच्या नाती आता बेळगावच्या रुग्णालयांत जातात, आणि त्यांपैकी पुष्कळजणी ‘सिझर’चे टाके घेऊन घरी परततात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २००५-०६ साली भारतातील शंभरांपैकी ८.५ बाळंतपणे या शस्त्रक्रियेने झालेली आढळली होती. २०१९-२१ च्या पाहणीत तो आकडा २१.५ वर गेला. या शस्त्रक्रियेने असंख्य माता व बालके वाचली, याविषयी दुमत नाही. परंतु तिने मागे ठेवलेल्या व्रणातून एक असा विकार जन्मास आला की, ज्यास जुन्या वैद्यकात नावही नव्हते. पुढच्या खेपेचा गर्भ गर्भाशयाच्या पोकळीत न रुजता त्या जुन्या व्रणातच रुजतो.

पूर्वी हा विकार नव्हता, याचे कारण खेदजनक आहे. पोट चिरून मूल काढल्यावर माता बहुधा जगतच नसे. गर्भाशयाची भिंत आपोआप मिटेल, अशा समजुतीने शल्यवैद्य तिला टाके घालीत नसत. १८७६ साली इटलीतील पाव्हिया येथे पोर्रो यांनी मूल काढल्यावर गर्भाशयच कापून टाकले, आणि माता वाचली. पण तिची कूस कायमची गेली. १८८२ साली लाइप्झिगच्या सेंगर यांनी गर्भाशयाची चीर काळजीपूर्वक शिवण्याची रीत मांडली. आता माताही वाचू लागली आणि गर्भाशयही राहिले. तिला पुन्हा दिवस जाऊ लागले, आणि खरी गोष्ट येथून सुरू होते.

१९१६ साली न्यूयॉर्कच्या क्रेगिन यांनी बजावले की, एकदा ही शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रीचे पुढील बाळंतपणही बहुधा तशाच रीतीने करावे लागेल. त्यांचे भय वेणांच्या वेळी जुना व्रण फाटण्याचे होते. पहिल्या काही आठवड्यांतच गर्भ त्या व्रणात शिरून बसेल, हे कोणाच्या मनात यावे! अस्थानी गर्भ वैद्यकास अपरिचित नव्हता. बीजवाहिनीत अडकलेल्या गर्भामुळे रक्तस्राव होऊन स्त्रिया दगावत, आणि बर्मिंगहॅमच्या लॉसन टेट यांनी १८८३ साली शस्त्रक्रिया करून अशा एका स्त्रीचे प्राण वाचविले होते. व्रणातील गर्भाचा पहिला वृत्तान्त मात्र १९७८ साली दक्षिण आफ्रिकेतील लार्सन व सॉलोमन यांनी प्रसिद्ध केला. त्या रुग्णेस गर्भपातानंतर अनपेक्षित रक्तस्राव झाला होता, आणि त्याचे मूळ व्रणात सापडले.

हा रक्तस्राव इतका भयंकर का, हे समजण्यास बेळगाव जिल्ह्यातच झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतील १,६२० बाळंतिणींवर तो केला. गावोगावच्या परिचारिकांनी निम्म्या स्त्रियांस बाळंतपणानंतर लगेच मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांस औषधरहित गोळ्या. अतिरक्तस्रावाचे प्रमाण शेकडा १२ वरून ६.४ वर आले. २००६ साली ‘लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष छापून आले. या औषधाने गर्भाशयाचे स्नायू आवळतात आणि त्यांच्या मधून जाणाऱ्या रक्तवाहिन्या चिमटल्या जातात. व्रणात मात्र स्नायू विरळ, तंतूच फार. ती जागा आवळून घेऊ शकत नाही. तेथे रुजलेली वार खरडून काढली, तर उघड्या पडलेल्या रक्तवाहिन्या मिटवणार कोण? बाळंतपणातील प्रत्येक अनर्थाचे खापर अडाणी सुईणीवर फोडण्याची आपल्याकडे रूढी आहे. येथे घात होतो तो शिकलेल्या हाताने, साधा गर्भपात समजून घाईने केलेल्या खरडणीत.

म्हणून आधी ओळख, मग उपचार. ओळख पटविणारे साधन ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी दिले; गर्भाशय व त्यातील गर्भ ध्वनिलहरींनी पाहण्याचे त्यांचे काम १९५८ साली प्रसिद्ध झाले. पोकळी रिकामी, गर्भ खाली व्रणापाशी, आणि त्याच्या व मूत्राशयाच्या मधली भिंत कागदासारखी पातळ, असे चित्र सहाव्या-सातव्या आठवड्यातच दिसू शकते. अशी उदाहरणे सुमारे दोन हजार गर्भांत एक, असा अंदाज आहे. आधी सिझर झालेल्या स्त्रीने पाळी चुकताच ती गोष्ट डॉक्टरांस सांगणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

उपचारांत एक औषध भारतीय बुद्धीशी नाते सांगते. भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत संशोधनाचे प्रमुख असताना फॉलिक आम्लाला विरोध करणारी द्रव्ये तेथे तयार झाली. त्यांतील मेथोट्रेक्सेट वेगाने वाढणाऱ्या पेशींस रोखते. ते प्रथम कर्करोगावर वापरले गेले, आणि १९८२ साली जपानी डॉक्टरांनी अस्थानी गर्भावर योजले. परंतु व्रणातील गर्भावर नुसते स्नायूत टोचलेले मेथोट्रेक्सेट भरवशाचे नाही, असे अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संस्थेने २०२० साली स्पष्ट केले. ते सोनोग्राफीत पाहून सुईने थेट गर्भापाशी पोहोचवावे. किंवा त्याच यंत्राच्या देखरेखीखाली गर्भ ओढून काढावा. किंवा दुर्बिणीने व्रणाचा भाग कापून भिंत नव्याने शिवावी. आंधळेपणाने खरडणे वर्ज्य.

काही स्त्रिया जोखीम पत्करून गर्भ वाढू देतात, आणि जिवंत मूल हाती येऊही शकते. पण वार व्रणात खोल रुतलेली असल्याने प्रसूतीच्या वेळी पुष्कळदा गर्भाशयच काढावे लागते, आणि रक्ताच्या अनेक बाटल्या तयार ठेवाव्या लागतात. पोर्रो यांची जुनी शस्त्रक्रिया तेव्हा पुन्हा उपयोगी पडते. वेळीच उपचार झालेल्या स्त्रीस मात्र पुढे पुन्हा दिवस जाऊ शकतात. तत्पूर्वी रक्तातील गर्भसूचक संप्रेरक नाहीसे होईपर्यंत तिला कित्येक आठवडे तपासणीस यावे लागते, आणि पुढच्या खेपेस गर्भ कोठे बसला आहे, हे पहिल्या दोन महिन्यांतच पाहून घ्यावे लागते.