गवत-चिखल-घोडा : श्लेष, सेन्सॉर आणि स्पष्टीकरण

एका भाषेतील विनोद दुसऱ्या भाषेत समजावून सांगितला की तो मरतो, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्या मृत्यूचे कारण तपासण्याची गरज फारशी कोणाला वाटत नाही. आंतरजालावर प्रसृत होणाऱ्या मीमांच्या व बोलींच्या संदर्भात ते तपासणे अगत्याचे आहे. कारण तेथे विनोदाबरोबर आणखीही काही नष्ट होत असते. २००९ मध्ये चीनमध्ये अवतरलेला 'त्साओ नी मा' हा प्राणी या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

त्या वर्षाच्या प्रारंभी चिनी शासनाने आंतरजालावरील अश्लीलतेविरुद्ध मोहीम उघडली. त्याच सुमारास 'बायदू'च्या ज्ञानकोशात काही पौराणिक प्राण्यांच्या बनावट नोंदी आढळू लागल्या. त्यांतील एक प्राणी म्हणजे 'गवत-चिखल-घोडा'. चित्रांत तो दक्षिण अमेरिकेतील अल्पाका या लोकरी प्राण्यासारखा दिसे, आणि त्याच्यावर बालगीताच्या चालीत गाणीही रचली गेली. लिपीत पाहता या नावात गवत, चिखल व घोडा यांखेरीज काही नाही. उच्चारात मात्र, तिन्ही अक्षरांचे सूर बदलले की, त्यातून आईवरून दिलेली शिवी ऐकू येते. डोळा एक वाचतो, कान दुसरे ऐकतो.

या घोड्याचा शत्रू होता 'नदीतील खेकडा'. हू जिंताओ यांच्या राजवटीत 'सुसंवादी समाज' ही घोषणा २००४ पासून रूढ झाली. मजकूर काढून टाकला गेला की लोक उपरोधाने त्याचा 'सुसंवाद झाला' असे म्हणू लागले. आणि हा शब्दही गाळला जाऊ लागल्यावर जवळपास समोच्चारी असलेला 'हशिए', म्हणजे नदीतील खेकडा, पुढे आला. चित्रांतून हा खेकडा तीन घड्याळे घातलेला दिसतो. जियांग झेमिन यांच्या 'तीन प्रातिनिधित्वां'च्या सिद्धांताचे चिनी नाव आणि 'तीन घड्याळे घालणे' हा चिनी शब्दप्रयोग यांच्या उच्चारसाम्यातून ती घड्याळे आली आहेत.

मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त शब्दालंकार व अर्थालंकार यांतील भेद ठरवताना पर्यायशब्द योजल्यावर चमत्कृती टिकते की नाही, ही कसोटी लावली. या कसोटीनुसार गवत-चिखल-घोडा हा निखळ शब्दश्लेष होय. परिवृत्ती त्याला सोसत नाही. रोमान याकबसन यांनीही १९५९ च्या निबंधात काव्य तत्त्वतः भाषांतरक्षम नसून त्याचे केवळ सर्जनशील रूपांतर संभवते, असे प्रतिपादन केले. परंतु श्लेष भाषांतरात का टिकत नाही, एवढेच यातून कळते. त्याच्या स्पष्टीकरणाने काय घडते, हा प्रश्न उरतोच.

त्यासाठी 'ध्वन्यालोका'तील एका प्रसिद्ध उदाहरणाकडे वळता येते. महाराष्ट्री प्राकृतातील त्या गाथेत एक स्त्री धार्मिकाला निर्धास्तपणे फिरण्यास सांगते. त्याला सतावणारा कुत्रा गोदाकाठच्या सिंहाने मारला आहे. वाच्यार्थ अनुज्ञेचा, व्यंग्यार्थ निषेधाचा. सहृदयाला संकेतस्थळाचे रहस्य उमगते. पण कोणी जाब विचारलाच तर आपण परवानगीच दिली होती, असे म्हणण्याची मुभा त्या स्त्रीला राहते. येथे वाच्यार्थ हे व्यंग्याचे कवच आहे. गवत-चिखल-घोड्याचेही तसेच आहे. मात्र एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. चिनी सेन्सॉरला शिवी कळत नव्हती असे नाही. ती अक्षरे जुळवून पाहणाऱ्या यंत्राला कळत नव्हती, आणि माणसाला कळूनही उच्चारता येत नव्हती. बंदी घालायची तर सेन्सॉरला स्वतःच टीकाकार बनून श्लेष उकलून दाखवणे भाग होते.

म्हणजेच स्पष्टीकरण हा तटस्थ व्यापार नव्हे. परभाषिक वाचकासाठी लिहिलेली टीप व्यंग्याला वाच्य बनवते, आणि मूळ वक्त्याला असलेली नाकारण्याची मुभा संपुष्टात आणते. बर्कली येथे सुरू झालेल्या 'चायना डिजिटल टाइम्स'ने अशा शब्दांचा कोशच सिद्ध केला. अभ्यासकाला तो अमोल आहे. परंतु कोश सर्वांसाठीच खुला असतो.

स्पष्टीकरणाचा दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पाश्चात्त्य वृत्तपत्रांनी २००९ मध्ये या घोड्याची ओळख प्रामुख्याने प्रतिकाराचे प्रतीक म्हणून करून दिली. आय वेवे यांच्या कृतींनी या वाचनाला बळ मिळाले. शांघायमधील त्यांची चित्रशाळा पाडली जाणार असल्याने नोव्हेंबर २०१० मध्ये तेथे खेकड्यांची मेजवानी योजली गेली, आणि जानेवारी २०११ मध्ये ती वास्तू पाडण्यात आली. हे वाचन खोटे नव्हे, पण अपुरे आहे. शिवी कोणावरून आहे, हा प्रश्न त्यात बाजूला पडतो. मराठी वाचकाला तो टाळता येत नाही. आईवरून दिलेल्या शिवीत भांडण दोन पुरुषांचे असून अवमान तिसऱ्या, अनुपस्थित स्त्रीचा होतो, हे त्याच्या भाषेनेच त्याला शिकवले आहे.

२०१८ मध्ये याच तंत्राला वेगळे वळण मिळाले. लैंगिक छळाविरुद्ध बोलणाऱ्या चिनी स्त्रियांनी 'मी टू' या इंग्रजी घोषणेसाठी 'मी-थू', म्हणजे तांदूळ आणि ससा, ही समोच्चारी अक्षरे योजली. त्यांची जागा कधी भाताच्या वाडग्याच्या व सशाच्या चित्रांनीही घेतली. श्लेषाचे कवच तेच. परंतु आता त्याआडून स्त्री स्वतः बोलत होती. परकी घोषणा येथे समजावून सांगितली गेली नाही, नव्याने रचली गेली. याकबसन यांचे सर्जनशील रूपांतर ते हेच.

सत्तेनेही या व्यवहाराचे मर्म ओळखले. नोव्हेंबर २०१४ मध्ये नभोवाणी-दूरचित्रवाणीवरील व जाहिरातींतील शब्दखेळांविरुद्ध शासकीय आदेश निघाला. जुलै २०२२ मध्ये 'वेइबो'ने समोच्चारी शब्दांवर कारवाई जाहीर केली. ऑक्टोबर २०२४ मध्ये आंतरजालावरील 'अप्रमाण' भाषेविरुद्ध मोहीम सुरू झाली. अलंकारावर बंदी घालावी लागते, तेव्हा तो केवळ अलंकार राहिलेला नसतो. म्हणून परभाषेतील मीम समजावून सांगणाऱ्याने 'याचा अर्थ काय' एवढ्यावर न थांबता, तो अर्थ कोणापासून झाकलेला होता आणि उघड झाल्यावर त्याचे मोल कोण चुकवणार, हेही विचारले पाहिजे.