आशेचा भाव

आम्ही बँकवाले जन्मजात निराशावादी. कर्ज देण्याआधीच ते बुडालं तर काय, हे विचारून ठेवतो. पण १८६१ ते १८६५ या काळात आमचे मुंबईचे वाडवडील कमालीचे आशावादी झाले होते!

अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर तुटून पडल्या. आलेला पैसा ठेवायचा कुठे? बॅक बेचा समुद्र बुजवून जमीन काढणारी कंपनी निघाली. तिचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. जमीन तेवढी अजून पाण्याखाली होती. आणि शेअर तारण ठेवून घेऊन बँक ऑफ बॉम्बे कर्ज देत सुटली.

एप्रिल १८६५ मध्ये घात झाला. अमेरिकेत शांतता झाली! तिकडे सहा लाखांवर माणसं मेली, तोवर इथं रोज दिवाळी. लढाई थांबल्यावर मात्र सुतक. १ जुलैला वायदे पुरे करायची वेळ आली, तेव्हा कुणाच्याच खिशात पैसा नव्हता. १८६८ मध्ये बँकही गुंडाळली.

गंमत बघा, पाच हजार घालणारा पन्नास हजारांसाठी रडत होता. वरचे पंचेचाळीस हजार त्यानं कधी डोळ्यांनी पाहिलेही नव्हते! मिळकतीवर कर बसतो, आशेवर नाही. म्हणून माणूस ती वाट्टेल तेवढी फुगवतो.

या बाजाराचे राजे प्रेमचंद रायचंदही बुडाले. पण १८६४ मध्ये त्यांनी विद्यापीठाला चार लाख रुपये दिले होते. त्यातून त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. देऊन टाकली, तेवढीच रक्कम शिल्लक राहिली.