तळटीप : ‘पाटलांचा संग्रह’

१४. लेखकाचा रोख पैठणच्या बाळासाहेब पाटील यांच्या पुरावस्तूंकडे आहे. पैठण म्हणजे सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान. तिथली जुनी नाणी, मणी, भाजक्या मातीच्या मूर्ती पाटलांनी स्वतःच्या हौसेने जमवल्या. आता त्या त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहेत. म्हणून मूळ मजकुरातला ‘धर्मादाय’ हा शब्द इथे लागू होत नाही. धर्मादाय संग्रहालय म्हणजे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेला न्यास. त्याचा कारभार विश्वस्त पाहतात, हिशेब धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जातो आणि स्थावर मिळकत आयुक्तांच्या मंजुरीवाचून विकता येत नाही. पुण्याच्या दिनकर केळकरांनी मधली वाट काढली. अकाली गेलेल्या राजा या मुलाच्या नावाने उभारलेला संग्रह त्यांनी शासनाला दिला, पण कारभार व्यवस्थापन मंडळाकडे राहिला. छत्रपती संभाजीनगरातले छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालय याहून वेगळे, महापालिकेचे. पाटलांसारख्या माणसाचे ऋण मात्र या कुठल्याच कायदेशीर वर्गवारीत मावत नाही, आणि लेखकाने ‘धर्मादाय’ हा शब्द बहुधा त्याच भावनेने वापरला असावा. म्हणून मजकुरात तो तसाच ठेवला आहे. — संपादक