पनवेलचा विश्वचषक आणि इराणची साखळी

कबड्डीत बचाव म्हटलं की आपल्याला पकड आठवते. घोटा धरला, मांडी खेचली, शिट्टी वाजली. पण त्याच्या आधी कोण कुठे उभा होता, हे फारसं कुणी बघत नाही. आजचा भाग त्या उभं राहण्यावर आहे, आणि त्याचा इतिहास आपल्या शेजारच्या पनवेलमधून जातो.

२००७ चा कबड्डी विश्वचषक पनवेलला झाला. अंतिम सामना भारत विरुद्ध इराण, निकाल २९-१९. २००४ मध्ये मुंबईतल्या अंतिम सामन्यातही हेच दोन संघ होते, तेव्हा निकाल होता ५५-२७. म्हणजे तीन वर्षांत फरक २८ वरून १० वर आला. आपण जिंकलो, त्यामुळे ५५ चे २९ का झाले हे विचारायचं राहून गेलं. माझ्या मते उत्तर बचावात आहे.

मैदान डोळ्यांसमोर आणा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, निदानरेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर. कुणाला स्पर्श झाला नसेल तर चढाईपटूला ती रेषा ओलांडावीच लागते. परत येताना हात किंवा पाय मध्यरेषेला लागला की तो सुटला. म्हणून बचावाचं खरं काम त्याच्यामागे धावण्याचं नाही, त्याची परतीची वाट बंद करण्याचं आहे. दोन कोपरारक्षक टोकांना, म्हणजे आपले लेफ्ट आणि राइट कॉर्नर. त्यांच्या आतल्या बाजूला इन, मग कव्हर, मध्ये सेंटर. कोपऱ्याने घोटा धरला की कव्हरने त्याच क्षणी चढाईपटू आणि मध्यरेषा यांच्यामध्ये घुसायचं. अर्धा सेकंद उशीर झाला तर कोपऱ्यालाच ओढून नेलं जातं. हात धरून साखळी करतात ती यासाठीच: शेजारचा कधी हलणार, हे हाताला आधी कळतं, बोलावं लागत नाही.

आगरी-कोळी गावांत हे पोरं मातीतच शिकतात. आपल्याकडे कौतुक मात्र चढाईचं. इराणने कौतुक कोपऱ्याचं केलं. २०१४ ला प्रो कबड्डी सुरू झाली आणि त्यांचे बचावपटू आपल्याच संघांत, आपल्या चढाईपटूंसमोर रोज सराव करू लागले. डावा कोपरारक्षक फजल अत्राचलीला २०१८ च्या लिलावात यू मुंबाने १ कोटी रुपयांना घेतलं. बचावाची किंमत लिलावात कळली, हे जरा गमतीचंच!

२०१६ ला अहमदाबादच्या विश्वचषक अंतिम सामन्यात मध्यंतराला इराण १८-१३ ने पुढे होता. भारत ३८-२९ ने सावरला. मग जकार्ता. १९९० पासून आशियाई स्पर्धेतली सातही सुवर्णपदकं भारतीय पुरुषांची होती. २३ ऑगस्ट २०१८ ला उपांत्य फेरीत इराणने २७-१८ ने हरवलं. भारताचे अख्ख्या सामन्यात १८ गुण!

दुसऱ्या दिवशी महिलांच्या अंतिम फेरीतही इराण २७-२४ ने जिंकला. त्या संघाच्या प्रशिक्षक कोण? नाशिकच्या शैलजा जैन. आपल्याकडून इराणला गेलेली विद्या कुठली, असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगतो.

२०२३ ला हांगझोऊत भारताने ३३-२९ ने सुवर्ण परत मिळवलं, पण सामना अडला तो उभं राहण्यावरच. २८-२८ बरोबरी, शेवटचं दीड-एक मिनिट. पवन सेहरावत कुणालाही स्पर्श न करता लॉबीत गेला आणि त्याला धरायला इराणचे बचावपटूही लॉबीत उतरले. मग बाद कोण, एकटा पवन की तेही? जुना नियम लावायचा की नवा, यावर खेळ बराच वेळ थांबला, खेळाडू मॅटवर बसून राहिले. शेवटी भारताला चार गुण मिळाले, इराणला एक.