मोहल्ला कमिटी ते सीसीटीव्ही

आपल्या गेटवर पहिला कॅमेरा बसवायचा ठराव आला, त्या सर्वसाधारण सभेत मी विरोधात बोललो होतो. जुन्या सभासदांना आठवत असेल. "काका, तुम्हाला लपवायचंय तरी काय?" असं कुणीतरी विचारलं, सगळे हसले, मीही हसलो. तेव्हा उत्तर नीट देता आलं नाही, म्हणून ते इथे लिहितो.

7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीत भिवंडीत दंगल पेटली. शहरात 78 माणसं गेली. न्यायमूर्ती मादन आयोगाने पुढे जो अहवाल दिला, त्यात तपासासाठी नेमलेल्या पोलिसांच्या विशेष पथकावरच कडक ताशेरे आहेत. तपास एका समाजाविरुद्ध झुकलेला होता, असा आयोगाचा निष्कर्ष. म्हणजे कागद भरपूर भरले, पण भरणाऱ्याची नजर आधीच ठरलेली. मे 1984 मध्ये पुन्हा तेच, पुन्हा संचारबंदी आणि बंद पडलेले माग.

मग 1988 च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे आले. त्यांनी वस्तीवस्तीत मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. दोन्ही समाजांची शेजारचीच माणसं आणि त्यांच्या जोडीला ठरलेला पोलीस. नेहमीच्या बैठका, त्यामुळे ओळखी झाल्या, आणि अफवा उठली की तिथल्या तिथे खरंखोटं करता येऊ लागलं. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत होती, भिवंडी शांत राहिली. हीसुद्धा एक प्रकारची पाळतच होती, बरं का! फरक एवढाच की बघणारा कोण, हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याला नावाने हाक मारून जाब विचारता येत होता.

फोनचं तसं नाही. 1885 च्या तार कायद्याखाली सरकार फोन ऐकत असे, पण त्याला धड नियम नव्हते. 1996 मध्ये पीयूसीएलच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने गृहसचिवांच्या आदेशाची आणि फेरतपासणी समितीची अट घातली. मोक्का कायद्यातली फोन ऐकण्याची तरतूद मुंबई हायकोर्टाने रद्द केली होती, ती 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवली. त्यानंतर तीनच महिन्यांत 26/11 झालं. अतिरेक्यांना सीमेपलीकडून मिळणाऱ्या सूचना पोलिसांनी ऐकल्या, रेकॉर्ड केल्या, त्या पुराव्यात आल्या. अशा वेळी कोण अडवेल? मी तरी नाही. 2017 मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला, तरी तोही अमर्याद नाही.

बँकेत असताना खात्याचा उतारा मागायला वर्दीतले साहेब आले तरी आम्ही लेखी पत्र मागायचो. चहा द्यायचो, पण पत्र मागायचोच. त्यात चोराला वाचवायचा हेतू नव्हता.

आपल्याकडे कॅमेऱ्यामुळे चोरीची मोटरसायकल सापडली, हे मान्य. पण त्याच कॅमेऱ्यातली, एका घरातली मुलगी रात्री किती वाजता आली याची क्लिप आपल्याच मोबाइलांवर फिरली. त्या कुटुंबाने पुढे जागा विकली. तेव्हा मात्र सभेत कुणी हसलं नाही. चित्रीकरण बघायचं तर अर्ज, सचिवांची सही आणि रजिस्टरला नोंद, हा ठराव त्याच दिवशी एकमताने झाला.

ते रजिस्टर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे, कुणीही बघावं. त्यात एक नोंद माझीही आहे. चष्मा रिक्षात राहिला की जिन्यात पडला, ते बघायला अर्ज केला होता. रिक्षातच राहिला होता.