फक्की, शंकुसाखळी आणि उपग्रह : खोदाईच्या आखणीची गोष्ट

आजचा विषय ऐकायला इंजिनिअरिंगचा वाटेल, पण आपण त्याकडे इतिहास म्हणून बघणार आहोत. प्रश्न साधा आहे. कागदावरची रेघ जमिनीवर कशी उतरते? आणि ती चुकली तर भोगतं कोण?

घराचा पाया खोदताना आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मिस्त्री खुंट्या ठोकतो, दोरी ताणतो, तीन-चार-पाचच्या मापाने काटकोन जुळवतो आणि दोरीखाली पांढरी फक्की मारतो. याला आपल्याकडे लाईन-आऊट म्हणतात. ही रीत फार जुनी. यज्ञवेदी आखायचे नियम सांगणारे ग्रंथ म्हणजे शुल्बसूत्रे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. आपल्याकडच्या भूमितीचे सगळ्यात जुने ग्रंथ दोरीच्या नावाने ओळखले जातात, हे लक्षात ठेवू या.

घरापुरती दोरी पुरते. गाव मोजायचं, कालवा काढायचा, तर पुरत नाही. इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात जी साखळी आली ती 33 फुटांची, तिचे 16 भाग, म्हणजे 16 आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद तुकडा म्हणजे गुंठा, आणि असे 40 गुंठे म्हणजे एकर. आजही जमिनीचा व्यवहार आपण गुंठ्यात बोलतो, तेव्हा नकळत त्या शंकुसाखळीचंच माप बोलत असतो.

ही मोजणी चुकली तर काय होतं, ते पुणे जिल्ह्याने अनुभवलं आहे. 1820 च्या दशकाच्या अखेरीस रॉबर्ट प्रिंगल या अधिकाऱ्याने सारा ठरवण्यासाठी पाहणी केली. पद्धत कागदावर शास्त्रशुद्ध होती. पण प्रत्यक्ष मोजणीत आणि जमिनीची प्रत ठरवण्यात चुका झाल्या, आणि सारा शेतकऱ्याला झेपेना. इंदापूर भागात लोक जमिनी टाकून गेले. 1835 नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांना काम नव्याने करावं लागलं. म्हणजे बघा, सूत्र बरोबर होतं, जमिनीवरचं माप चुकलं, आणि किंमत कुणब्याने मोजली.

त्याच काळात देशाच्या पातळीवर दुसरं काम चालू होतं. विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट इथे पहिली आधाररेषा मोजली आणि तिथून त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेली. त्याचं मोठं कोनमापक यंत्र सुमारे अर्ध्या टनाचं होतं. हे काम करता करताच 1823 मध्ये तो आपल्या हिंगणघाटला वारला. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने पृथ्वीचा आकार सांगणारे 1830 चे आकडे ठरवले, आणि मध्य भारतातलं कल्याणपूर हा मोजणीचा मूळ बिंदू झाला. देशाचे नकाशे पुढे दीडशेहून अधिक वर्षं याच पायावर काढले गेले.

आता उपग्रहांकडे येऊ. जीपीएसचा पहिला उपग्रह 1978 मध्ये सुटला. यंत्रणा अमेरिकी लष्कराची, त्यामुळे नागरी वापराचा संकेत मुद्दाम बिघडवलेला असे. तो बिघाड मे 2000 मध्ये काढला गेला. तरीही साध्या जीपीएसची चूक काही मीटरची. तेवढ्यावर पाया खोदता येत नाही. त्यावरचा उपाय असा: एक यंत्र माहीत असलेल्या बिंदूवर स्थिर ठेवायचं, ते बेस. दुसरं काठीवर घेऊन फिरायचं, ते रोव्हर. दोघांना एकाच वेळी जवळपास सारखीच चूक दिसते, म्हणून बेसवर कळलेली चूक रोव्हरमधून वजा करता येते. मग अचूकता येते एक-दोन सेंटिमीटरवर.

दुसरा धागा संगणकाचा. ऑटोकॅड 1982 मध्ये आलं, आणि त्यानंतर जमिनीच्या चढउतारासकट आराखडा करणारी सॉफ्टवेअर आली. आज कालव्याचा आराखडा थेट रोव्हरमध्ये भरतात. माणूस काठी टेकवतो आणि पडद्यावर आकडा येतो: इथे सव्वा मीटर खोदा, तिथे अर्धा मीटर भराव टाका. मोठ्या कामावर हा पडदा पोकलेनच्या केबिनमध्येच असतो. ऑपरेटरला खुंटीही लागत नाही.

इथवर सगळं छान. मग अडतं कुठे?

पहिली अडचण आडवी. जुने नकाशे एव्हरेस्टच्या पायावर, जीपीएस जागतिक पायावर. एकाचे अक्षांश-रेखांश दुसऱ्यावर तसेच ठेवले, तर महाराष्ट्रात जागा शंभरेक मीटरने सरकते. एवढी चूक निदान डोळ्याला दिसते. पण रूपांतर अर्धवट झालं आणि दोन-तीन मीटर राहिले, तर ते कुणाच्या लक्षात येत नाहीत.

दुसरी अडचण उभी. जीपीएस उंची मोजतं ती पृथ्वीच्या गणिती आकारापासून. पाणी मात्र गुरुत्वाकर्षणाने वाहतं. मुंबईच्या चौपाटीवर उभं राहिलं तर जीपीएसची कच्ची उंची उणे साठाच्याही खाली दाखवते. हा फरक जागेनुसार थोडा थोडा बदलतो. तो न धरता लांब कालवा आखला तर उताराचा हिशेब बिघडतो.

आणि हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. ऱ्हाईन नदीवर लाउफेनबुर्गला जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांनी पूल बांधायला घेतला. दोन देशांच्या समुद्रसपाटीत 27 सेंटिमीटरचा फरक आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं. दुरुस्ती केली, पण उलट्या बाजूने. फरक मिटण्याऐवजी दुप्पट झाला: 54 सेंटिमीटर. 2003 च्या सुमारास तो लक्षात आला. मोजणी अचूक होती. शून्य कुठलं धरायचं, तिथे गफलत झाली.

आता पुन्हा आपल्या बांधावर येऊ. गावचे टिपण आणि नकाशे साखळीने मोजलेले. त्यावरून नवा कालवा जातो, तो रोव्हरने आखलेला. दोन्ही एकमेकांवर ठेवले की रेघा जुळत नाहीत. कागदावर सुतभर दिसणारा फरक जमिनीवर एखाद्याची विहीर असतो. शेतकरी म्हणतो, बांध आजोबांच्या वेळेपासून इथेच आहे. मोजणीदार म्हणतो, यंत्र सेंटिमीटरपर्यंत बरोबर आहे. दोघंही खरं बोलत असतात. यंत्र सांगतं तुम्ही कुठे उभे आहात. हद्द कुठे आहे, ते गावाने, दगडाने आणि दप्तराने मिळून ठरवलेलं असतं.

म्हणून जुने मोजणीदार एक सवय पाळत, ती आजही सोडू नये. कामाला हात घालण्याआधी माहीत असलेल्या दगडावर जायचं आणि आपलं यंत्र तोच आकडा सांगतं का ते बघायचं. एका दगडावर थांबायचं नाही, दुसरा तपासायचा, आणि उंचीसाठी बेंचमार्क वेगळा तपासायचा. संध्याकाळी काम संपवताना परत तिथेच यायचं. अर्धा तास जातो. पण कागदावरची रेघ खोडता येते, खोदलेली जमीन पूर्ववत होत नाही.

प्रिंगलच्या काळात चूक कळायला काही वर्षं लागली. आज पोकलेन ती एका दिवसात करून मोकळं होतं. यंत्राचा वेग वाढला आहे, तेव्हा आपला तपासही वाढायला हवा. इथे थांबू या.