गावाजवळ मोठा प्रकल्प येतोय? पर्यावरण जनसुनावणीत तुमचा हक्क काय, वाचा सविस्तर

ग्रामपंचायतीच्या फलकावर एक दिवस कागद लागतो. वर लिहिलेलं असतं ‘पर्यावरणविषयक जाहीर जनसुनावणी’. खाली कंपनीचं नाव, गट नंबर, तारीख, वेळ. बहुतेक जण तो वाचत नाहीत. काही जण त्या दिवशी मांडवात जातात, दोन घोषणा देतात, चहा घेऊन परत येतात. पुढे मंजुरी आल्यावर कळतं, की आपल्या विहिरीबद्दल किंवा ओढ्याबद्दल इतिवृत्तात एक ओळसुद्धा नाही.

जनसुनावणी म्हणजे मतदान नाही. हात वर करून प्रकल्प मंजूर किंवा नामंजूर होत नाही. पण तिथं जे बोललं जातं, लिहून दिलं जातं, ते सरकारी कागदावर येतं आणि पुढचा निर्णय त्याच कागदावर होतो. म्हणून तिथं कसं बोलायचं, काय मागायचं, हे आधी माहीत असलं पाहिजे.

जनसुनावणी कोणत्या कायद्यानं होते?

पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ चा. त्याखाली केंद्र सरकारनं १४ सप्टेंबर २००६ रोजी पर्यावरणीय आघात मूल्यांकनाची अधिसूचना काढली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘ईआयए’ म्हणतात. खाणी, धरणं, औष्णिक वीज केंद्रं, सिमेंट व रसायनांचे कारखाने, दिवसाला ५,००० टन किंवा त्याहून जास्त ऊस गाळणारे साखर कारखाने असे प्रकल्प तिच्या यादीत आहेत. यादीतल्या प्रकल्पाला काम सुरू करण्याआधी पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते.

प्रकल्पांचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन गट आहेत. ‘अ’ गटाची मंजुरी दिल्लीतलं पर्यावरण मंत्रालय देतं, ‘ब’ गटाची राज्यस्तरीय प्राधिकरण.

सगळ्याच प्रकल्पांना सुनावणी लागत नाही. ‘ब-२’ वर्गातले प्रकल्प, इमारत बांधकामं, जादा जमीन न घेता होणारं रस्ता रुंदीकरण, संरक्षणविषयक कामं यांना ती माफ आहे. सौर पॅनेलचे आणि पवनचक्क्यांचे प्रकल्प तर यादीतच नाहीत.

आधी काय व्हायला हवं?

सुनावणी घेण्याची जबाबदारी प्रदूषण नियंत्रण मंडळाची असते, कंपनीची नाही. नियम असे:

• किमान ३० दिवस आधी जाहीर सूचना. ती एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात छापावी लागते.
• अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश लोकांना बघायला मिळाला पाहिजे. सारांश इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत, म्हणजे आपल्याकडे मराठीत हवा.
• ही कागदपत्रं जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि संबंधित स्थानिक स्वराज्य संस्थेकडे ठेवावी लागतात.
• सुनावणी प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ व्हायला हवी. प्रकल्प दोन जिल्ह्यांत असेल तर दोन्हीकडे वेगवेगळी.
• तारीख किंवा जागा मनाला येईल तशी बदलता येत नाही. आणीबाणीची वेळ आली तरच आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या शिफारशीनंच. तसा बदल पुन्हा त्याच दैनिकांत जाहीर करावा लागतो.

ग्रामपंचायतीत सारांश नसेल तर तोंडी विचारू नका. ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ती पोच पुढे उपयोगी पडते.

मराठी सारांशात काय बघायचं?

अख्खा अहवाल शेकडो पानांचा, तोही इंग्रजीत. तो सगळ्यांना झेपत नाही. पण सारांश बारकाईनं वाचता येतो. या पाच गोष्टी तपासा:

१. पाणी. रोज किती पाणी लागणार, ते नदीतून, धरणातून की बोअरमधून? उन्हाळ्यात कुठून आणणार?

२. मोजणी कधी केली? अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती गोळा केली जाते. मार्च ते मे मध्ये मोजणी झाली असेल तर पावसाळ्यात दुथडी वाहणारा तुमचा ओढा त्यांना कोरडा दिसलेला असतो. कधी नकाशात तो नसतोही. ही चूक गावकरीच दाखवू शकतो.

३. सांडपाणी, राख, धूळ. कुठे टाकणार? वारा कोणत्या दिशेला वाहतो आणि त्या दिशेला कोणती वस्ती आहे?

४. गावाचं वर्णन. शाळा, पाणीपुरवठ्याची विहीर, गायरान, देवराई, धनगरांच्या मेंढ्यांची वाट यांची नोंद आहे का? ‘पडीक जमीन’ म्हणून लिहिलेल्या जागेवर प्रत्यक्षात जनावरं चरतात का?

५. वाहतूक. दिवसाला किती गाड्या, कोणत्या रस्त्यानं? तो रस्ता शाळेसमोरून जातो का?

सुनावणीच्या दिवशी

अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी असतात, किंवा त्यांचा प्रतिनिधी. पण तो अपर जिल्हाधिकारी दर्जापेक्षा खालचा चालत नाही. सोबत प्रदूषण मंडळाचा अधिकारी असतो. पूर्ण कार्यवाहीचं चित्रीकरण करणं बंधनकारक आहे.

उपस्थितांची नोंद होते. मात्र कोरम लागत नाही, म्हणजे दहाच माणसं आली तरी सुनावणी वैध ठरते. ‘आपण बहिष्कार टाकू, मग सुनावणीच होणार नाही’ हा समज त्यामुळे महागात पडू शकतो. बहिष्कार टाकायचाच असेल, तरी हरकती लेखी देऊन ठेवा.

हजर असलेल्या प्रत्येकाला कंपनीकडे माहिती किंवा खुलासा मागण्याचा हक्क आहे. त्यासाठी सरपंच असायची गरज नाही, सातबाराही लागत नाही. भूमिहीन मजूर, माहेरी आलेली लेक, मेंढपाळ कुणीही बोलू शकतं.

बोलताना एवढं सांभाळा:

• आधी नाव, गाव सांगा. मग एकच मुद्दा, तोही मोजमापासह.
• ‘आमचं वाटोळं होईल’ यापेक्षा ‘माझी विहीर प्रकल्पाच्या कुंपणापासून ३०० मीटरवर आहे, तिच्यावर चार घरं पाणी पितात, अहवालात तिचा उल्लेख नाही’ हे जास्त वजनदार ठरतं.
• कंपनीनं ‘करू’ म्हटलं तर विचारा, किती रुपयांचं, किती वर्षांत?

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. केंद्राच्या २०२० च्या सूचनेनुसार, सुनावणीत मांडलेल्या प्रश्नांवर कंपनीनं दिलेली आश्वासनं पर्यावरण व्यवस्थापन आराखड्यात यायला हवीत. आराखड्यात आलेलं काम नंतर तपासता येतं. मांडवात तोंडी दिलेला शब्द कुणालाच तपासता येत नाही.

शेवटी इतिवृत्त वाचून दाखवलं जाईपर्यंत उठू नका. सगळे मुद्दे त्यात आले आहेत का, हे स्थानिक भाषेत समजावून सांगायचं असतं आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. तुमचा मुद्दा सुटला असेल तर तिथंच उभं राहून सांगा.

लेखी हरकतीचा नमुना

ज्यांना जाता येत नाही त्यांनी लेखी हरकत द्यावी. हा सल्लामसलतीचाच दुसरा भाग आहे.

*‘मी … , राहणार … , तालुका … . प्रस्तावित … प्रकल्पाबाबत माझी हरकत अशी : अहवालाच्या सारांशात पान … वर … असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात … आहे. सोबत फोटो व सातबारा उतारा जोडला आहे. याचा फेरअभ्यास व्हावा आणि ही हरकत इतिवृत्ताला जोडावी.’*

दोन प्रती काढा. एक मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात द्या, दुसरीवर पोचेचा शिक्का घ्या.

पुढे काय होतं?

सुनावणीनंतर आठ दिवसांत कार्यवाही मंजुरी देणाऱ्या प्राधिकरणाकडे जाते. ती ग्रामपंचायत, जिल्हा परिषद आणि जिल्हाधिकारी कार्यालयातही लावायची असते. तज्ज्ञ समिती त्यावर विचार करते. गोव्यातल्या एका खाणीच्या प्रकरणात (उत्कर्ष मंडळ) दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये स्पष्ट केलं, की लोकांच्या हरकतींचा विचार समितीनं कारणांसह केलेला दिसला पाहिजे. पण कागदावर हरकतच नसेल तर समिती कशाचा विचार करणार?

मंजुरी मिळालीच आणि ती चुकीची वाटली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत अपील करता येतं. योग्य कारण दिलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. महाराष्ट्रासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. मंजुरीनंतरही कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटींच्या पालनाचा अहवाल द्यावा लागतो. मंजुरीची कागदपत्रं केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर मोबाइलवरूनही बघता येतात.

ग्रामसभा आणि जनसुनावणी वेगळी

यात अनेकांची गल्लत होते. वनहक्क कायदा २००६ आणि पेसा कायदा १९९६ नुसार ग्रामसभेला वेगळे अधिकार आहेत. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइट खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ रोजी प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवायला सांगितला. बाराच्या बारा ग्रामसभांनी नकार दिला आणि जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं खाणीला वनमंजुरी नाकारली. महाराष्ट्रात १३ जिल्ह्यांत पेसा क्षेत्र आहे. तुमचं गाव त्यात असेल किंवा गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल, तर सुनावणीशिवाय ग्रामसभेचा ठरावही करून ठेवा.

देशपातळीवरही गावाला बोलता येतं

पर्यावरणाचा नवा नियम आणताना केंद्र सरकार साधारणपणे राजपत्रात मसुदा काढतं आणि ६० दिवसांत हरकती मागवतं. पश्चिम घाटाच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचा सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ चा. त्यात सहा राज्यांतलं ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र आहे, पैकी १७,३४० महाराष्ट्रातलं. सोबत गावांची यादी असते. आपलं गाव यादीत आहे का, हे आधी बघायचं आणि मगच बाजूनं किंवा विरोधात लिहायचं.

२०२० मध्ये ईआयएचाच नवा मसुदा आला. सुनावणीची ३० दिवसांची सूचना २० दिवसांवर आणायचा प्रस्ताव त्यात होता. टाळेबंदीचा काळ, मसुदा फक्त हिंदी-इंग्रजीत. दिल्ली उच्च न्यायालयानं मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितलं. देशभरातून लाखो हरकती गेल्या. आज २००६ चीच अधिसूचना लागू आहे.

त्याआधीचं उदाहरण बीटी वांग्याचं. ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीनं त्याला हिरवा कंदील दाखवला होता. तत्कालीन पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सल्लामसलत घेतली. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक असे सुमारे ८,००० लोक आले. ९ फेब्रुवारी २०१० रोजी बीटी वांग्याच्या लागवडीला स्थगिती मिळाली.

दरवेळी असं होईलच असं नाही. सुनावणी होऊनही प्रकल्प मंजूर झाल्याची उदाहरणं भरपूर आहेत. पण विहीर, ओढा, रस्ता यांची नोंद इतिवृत्तात असेल, तर पुढं भरपाई मागताना, अटी पाळायला लावताना किंवा अपील करताना गावाच्या हातात काहीतरी असतं. नोंद नसेल तर आपलं नुकसान सिद्ध करण्यापासून सुरुवात करावी लागते.

तेव्हा फलकावर कागद दिसला की फोटो काढा, गावच्या ग्रुपवर टाका. ३० दिवस तिथूनच मोजा.